मधली सीडी

"माझ्या मशीनवर तर चालतंय" ह्या वाक्याचा मला आता इतका राग येतो की दुसऱ्या कुणी म्हटलं तरी डोकं तडकतं. पण त्या वर्षी, दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, ते वाक्य दिवसातून दहादा मीच म्हणत होते. आणि ज्याच्या मशीनवर चालत नव्हतं तो माझा रघूमामा समोर बसून कान खाजवत म्हणत होता, "मंग तुझं मशीनच आन ना हितं उचलून."

मामाचं शहापुरात मांडवाचं काम. टोप, पराती, झारे, खुर्च्या, कनाती, ताडपत्र्या, सगळं भाड्यानं द्यायचं. लग्नसराईत एका मुहूर्तावर चार लग्नं, आणि मामाचा हिशेब सगळा डोक्यात. एकदा एकच मोठा टोप त्यानं वासिंदलाही कबूल केला आणि खर्डीलाही. वासिंदवाल्यांना घराघरांतून पातेली गोळा करून वरण शिजवावं लागलं, आणि नवऱ्यामुलाच्या काकानं भर मांडवात मामाच्या सात पिढ्या काढल्या. त्यानंतर मी 'मांडव' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तारीख टाकली की कुठलं सामान कुठं गेलंय आणि काय मोकळं आहे ते पडद्यावर मराठीत दिसायचं. मराठीतच पाहिजे होतं, कारण मामाच्या गोदामातल्या माणसांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

हे सगळं मी साईनाथ सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून केलं. मी तिथं शिकवायला होते. सापगावातून सकाळी यायचं, मुलांना शिकवायचं, आणि मधल्या वेळात कोपऱ्यातल्या मशीनवर आपलं काम करायचं. त्या मशीनवर 'मांडव' लोण्यासारखा चालायचा. गंमत अशी की तो फक्त तिथंच चालायचा.

त्यातच माझं लग्न ठरलं. सासर सरळगावचं. प्रणय मुरबाडच्या एका कारखान्यात नोकरीला होता. मुलगा चांगला वाटला, मला आवडलाही. पण बोलणी चालू असताना त्याची आई, सुंदराबाई, चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "आमच्यात सुना भायर कामाला जात नाय. घरात बसून काय करायचं ते कर, मी आडवी येनार नाय."

घरात बसून! मी आतून पेटले होते. पण मग डोक्यात आलं की मी नाही गेले बाहेर, माझी सीडी तर जाऊ शकते.

मुरबाडचे नामाशेठ मामाच्याच धंद्यातले, मुरबाडपासून टोकावड्यापर्यंत कुठंही लग्न असो, सामान त्यांचं. त्यांनी मामाबरोबर क्लासमध्ये येऊन 'मांडव' पाहिला होता आणि त्यांना तो हवा होता. पण त्यांची अट होती. "पोरी, तू उद्या सासरी जाशील. मशीन बंद पडलं का तुला चुलीपासून उठवून आनायची काय आमी? सीडी अशी दे, आमच्या मानसानी घातली का आपोआप लागली पायजे. माझ्याकडं लागली तर बाकीच्या मांडववाल्यांना मी सांगतो." आणि प्रणय म्हणाला होता, "मुरबाडला एक जरी मांडव लागला ना, आपण घरात मशीन घेऊ. मंग आई काय बोलनार नाय."

म्हणजे माझं पुढचं सगळं एका सीडीवर येऊन थांबलं होतं. ती दुसऱ्याच्या मशीनवर, मी जवळ नसताना, आपली आपण चालली तर मला काम होतं. नाही तर भाकऱ्या होत्या.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटतं, प्रोग्रॅम तयार झाला म्हणजे काम झालं. कसलं काय! लिहिणं हा निम्मा भाग. तो जिथं लिहिला त्या मशीनवर त्याला लागणाऱ्या बारीकसारीक फाइली आधीच कुठं कुठं पडलेल्या असतात, आणि त्याला त्या सहज सापडतात. दुसऱ्या मशीनवर जाताना त्या सगळ्या शोधून, बरोबर बांधून, कुठली कुठं ठेवायची हे सांगून पाठवायचं असतं. एक विसरली की संपलं. पाहुण्यांच्या गावी निघालेल्या माणसाची पिशवी भरण्यासारखं आहे हे, आणि आमचा पाहुणा दातकोरणी राहिली तरी दारातूनच परत फिरणारा.

पहिली सीडी मी हौसेनं मामाकडे नेली. घातली. इंग्रजीत एक चौकट आली की अमुक फाइल सापडत नाही. परत क्लासमध्ये, ती फाइल आत घातली, परत बांधलं. दुसऱ्या खेपेला चौकट आली की तुमच्या मशीनमधल्या काही फाइली जुन्या आहेत, मशीन बंद करून चालू करा. केलं. परत तीच चौकट. परत बंद, परत चालू. परत तीच. मामा म्हणाला, "देवीला कौल लावतात तसं चाललंय तुझं. उजवा काय पडत नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरसोबत आलेल्या बांधणीच्या साधनानं माझ्या मशीनमधल्या नको त्या फाइलीही उचलून आत कोंबल्या होत्या, आणि मामाचं मशीन त्या घ्यायला तयार नव्हतं. शेवटी ते साधनच मी सोडलं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर बांधणीचं दुसरं, फुकटचं साधन मिळालं. त्यात आपणच ओळीनं लिहून द्यायचं, ही फाइल इथं ठेव, ती तिथं. ते शिकण्यात आणखी काही दिवस गेले. घरी आई म्हणत होती, साड्या बघायला कधी येतेस? मी म्हणत होते, उद्या.

मग तो दिवस आला की 'मांडव' मामाच्या मशीनवर खरंच उघडला. मामानं टाळी वाजवली. मी पडद्याकडे पाहिलं. टोप नाही, परात नाही, नुसती चिन्हं. टिंबं घातलेली इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं, कंस. क्लासच्या मशीनवर साईनाथ सर लग्नपत्रिका छापायचे, म्हणून मराठी फॉन्ट तिथं आधीपासून होता. मामाच्या मशीनवर तो कुठून असणार? आणि माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. आपल्याला जे रोज दिसतं ते सगळ्यांकडे असतंच असं माणूस धरून चालतो.

फॉन्ट घातला, तर सीडी लिहिताना लाइट गेली. क्लासमध्ये सीडी लिहिणारं मशीन एकच, आणि त्याची बॅटरी नावाला. लिहिता लिहिता लाइट गेली की ती सीडी वाया. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं, पण लाइट तो पेपर वाचत नव्हती. अशा वाया गेलेल्या सगळ्या सीड्यांवर मी रागारागानं मार्करनं मोठी फुली मारायची आणि मामाच्या टेबलावर भिरकावायची.

त्या फुलीवाल्या सीड्या गिरजामामी गोळा करत होती. गिरजामामी म्हणजे रघूमामाची बायको. अख्ख्या सापगावात कुणाच्याही मुलीचं लग्न निघालं की रुखवत मामीनं करायचं, हे ठरलेलं. सुपारीची भटजीमंडळी, लोकरीचे ससे, काडेपेट्यांचं देऊळ. माझ्या वेळी तिला काहीतरी नवीन करायचं होतं. "मोर करते तुला सीड्यांचा," ती म्हणाली. "काय चकाकतात गो मेल्या!" मी म्हटलं, ने सगळ्या, नाहीतरी माझ्या नशिबात त्याच आहेत.

हळदीच्या आदल्या दिवशी सीडी एकदाची लागली. मी मुद्दाम हात लावला नाही. मामाला मशीनपुढच्या खुर्चीत बसवलं आणि सीडी त्यालाच घालायला लावली. पडद्यावर आपोआप चौकट आली, मामानं 'पुढे' दाबलं, परत 'पुढे' दाबलं, आणि 'मांडव' उघडला. टोप, पराती, झारे, कनाती. सगळं मराठीत, स्वच्छ. मी ओरडलेच. मामानं मार्कर घेतला आणि सीडीवर ठळक 'श्री' काढला. "कोऱ्या वहीवर काढतो ना आपन, तसं," तो म्हणाला.

त्या सीडीवर सगळं होतं. चालणारा 'मांडव', सीडीची जशीच्या तशी इमेज फाइल, म्हणजे तिच्यावरून हव्या तितक्या सीड्या काढता येतील, आणि माझं मूळ लिखाणही. दुसरी प्रत काढायला कोरी सीडी उरली नव्हती, आणि दुकान बंद झालं होतं. साईनाथ सरांनी विचारलं, "सुट्टीची बॅच चालू होतेय, सगळी मशीनं फॉरमॅट मारतोय, आतलं सगळं पुसलं जाईल. तुझं काढलंस ना?" मी आनंदात म्हटलं, "काढलं सर, मारा." सीडी घरी आणली, डब्यात घालून आईच्या कपाटात साड्यांच्या वर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी हळद लावून घ्यायला बसले. लग्नात नामाशेठ येणारच होते. त्यांच्या हातात द्यायची, एवढंच उरलं होतं.

लग्नाच्या दिवशी मी मुंडावळ्या बांधून बसले होते. रुखवताच्या टेबलाभोवती ही गर्दी. प्रणयकडच्या बायका बोट दाखवून विचारत होत्या, "हा मोर कुनी केला गो?" मी सहज मान वळवली. मखमलीच्या पुठ्ठ्यावर सीड्यांचा पिसारा, त्याला सोनेरी लेस, टिकल्या, मणी. आणि पिसाऱ्याच्या बरोबर मधोमध, मोराच्या छातीशी, एक सीडी. तिच्यावर ठळक 'श्री'.

मी मामीला खुणेनं बोलावलं.

"मामी, ही मधली कुठून आणलीस?"

"तुझ्या आयशीच्या कपाटातून. पिसारा झाला, मधी लावायला एक कमी पडली. रातचं साड्या काढायला गेले तं ही गावली."

"अगं मामी, तीच चालणारी होती! सगळ्या फुलीवाल्या सोडून तुला हीच मिळाली?"

मामीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच डोकं फिरलंय. "येडी का काय तू? लग्नाच्या रुखवतात मधी फुलीवाली लावू? त्या सगल्या मी उलट्या लावल्या, फुली खाली. हिच्यावर श्री होता, म्हनून ही मधी."

तिचं चुकलं असंही म्हणता येईना. मला रडू फुटलं, आणि भोवतीच्या बायका समजुतीनं म्हणाल्या, रडू दे, माहेर सुटतंय, रडणारच. मी आणखी जोरात रडले.

जेवणं झाल्यावर नामाशेठ आहेर द्यायला आले. "सीडी?" मी म्हटलं, "पाठवते शेठ, दोन दिवसांत." भर मांडवात मामीचा मोर फोडायची हिंमत मला झाली नाही. सासरची सगळी माणसं त्याच्याभोवती उभी होती.

मोर माझ्याबरोबर सरळगावला आला आणि सासूबाईंनी तो पडवीच्या भिंतीवर, येणाऱ्याला समोरच दिसेल असा टांगला. नवी नवरी बघायला गावातल्या बायका यायच्या आणि आधी मोर बघायच्या. सासूबाई सांगायच्या, "सुनेनी केलाय. हातात कला हाय पोरीच्या." मी चहाचे कप घेऊन उभी राहायची. जे मी केलं नव्हतं त्याचं कौतुक ऐकायचं, आणि जे केलं होतं ते त्याच्या मधोमध चिकटलेलं बघायचं. असा संताप आयुष्यात कधी आला नव्हता. कप आदळावेसे वाटायचे. मी ते हळू ठेवायची.

क्लासला फोन केला तर साईनाथ सर म्हणाले, "तूच म्हणालीस मारा. केव्हाच मारलं." मामाच्या मशीनवर लागलेला 'मांडव' होता, पण लागलेला प्रोग्रॅम उचलून दुसरीकडे नेला की काय होतं ते मी उन्हाळाभर भोगलं होतं. बांधणी आणि मूळ लिखाण फक्त मोरात होतं.

एका संध्याकाळी प्रणय कारखान्यातून आला आणि पाय धुता धुता म्हणाला, "नामाशेठ भेटले होते. बोलले, सोमवारी कल्यानवरून एक जन येतोय, त्याचं बगनार. तुझं राहू दे बोलले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय बोलनार? तुझ्याकडं सीडी हायच कुठं?"

मी पडवीत गेले, स्टुलावर चढले आणि मोर भिंतीवरून उतरवला.

सासूबाई चुलीपुढून धावत आल्या. "काय करते गो?"

"मधली काढते."

"मोडते? रुखवत मोडते? नव्या नवरीनी रुखवताला हात लावायचा नसतो! चार मानसं बघून जातात, काय सांगू मी त्यांना?"

"आई, हा मोर मी नाही केला, मामीनं केला. मी केलंय ते ह्या मधल्या सीडीत आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना, घरात बसून काय करायचं ते कर? हेच ते. मी बाहेर जात नाही, ही जाईल. हिला तरी जाऊ द्या!"

माझा आवाज चढला होता. लग्नाला महिना झाला नव्हता आणि मी सासूवर ओरडत होते. प्रणय पंचा हातात घेऊन तसाच उभा. सासूबाई आत निघून गेल्या आणि चुलीपाशी भांडी जरा जास्तच वाजली.

मी सीडी नीट पाहिली. मामीनं पिसाऱ्यातल्या सीड्यांवर जागा मिळेल तिथं टिकल्या चिकटवल्या होत्या, पण मधलीवर एकही नव्हती. श्रीवर काय चिकटवणार? आणि श्री दिसावा म्हणून ती सुलटी लावली होती. चकाकती बाजू, जिच्यातून मशीन वाचतं, ती पुठ्ठ्याकडे. तिला फेव्हिकॉल लागला होता, पण त्या बाजूला जाड प्लास्टिक असतं. उलटी लावली असती तर वरचा पातळ पापुद्रा, ज्यात सगळं लिहिलेलं असतं, तो पुठ्ठ्यावर राहिला असता आणि खेळ खलास. मामीनं ज्या कारणासाठी माझा घात केला, त्याच कारणानं मला वाचवलं होतं.

तिच्याभोवतीचा पुठ्ठा कापला आणि परातीत कोमट पाणी घेऊन ती भिजत घातली. मखमल सुटली, पुठ्ठा सुटला, फेव्हिकॉल पांढरा होऊन बोटांनी निघाला. ओरखडे होते. बारीक होते की खोल, ते घरात मशीन नसल्यामुळे कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून प्रणय मला मुरबाडला घेऊन गेला. नामाशेठच्या ऑफिसात मशीनपुढे त्यांचा माणूस बसला होता. मी सीडी त्याच्या हातात दिली आणि मागे उभी राहिले. हात पाठीमागे धरले, कारण पुढे ठेवले असते तर मी माउस ओढून घेतला असता.

सीडी आत गेली. मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. काही नाही.

"ओली हाय का काय?" नामाशेठ म्हणाले. त्या माणसानं सीडी बाहेर काढून शर्टाला पुसली. मला त्याचा हात धरावासा वाटला. परत आत. परत घरघर. चौकट आली. त्यानं 'पुढे' दाबलं. हिरवी पट्टी सरकायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. तिथं कुठलातरी ओरखडा असणार. मी त्या पट्टीला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की मला तितक्या येतात हे मलाच माहीत नव्हतं. पट्टी सरकली.

टोप. पराती. झारे. कनाती.

नामाशेठनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ जाऊन वाचलं. "वैशाखातली एक तारीख टाक रे." त्यानं टाकली. "हां. हे बेस झालं. त्या कल्यानवाल्याला फोन कर, बोल येऊ नको."

मी तिथंच त्यांच्या खुर्चीत बसून घेतलं, कुणी बस म्हणण्याआधीच. मग बाजारातून कोऱ्या सीड्या आणवल्या आणि त्यांच्याच मशीनवर प्रती काढल्या, त्याला सीडी लिहायची सोय होती. लाइट गेली नाही. तेव्हा मात्र गेली नाही!

परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. पडवीत शेजारची सावळीकाकू बसली होती. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी चपला काढताना वर पाहिलं. मोर परत भिंतीवर होता. मधोमध गोल भोक, त्यातून भिंतीचा चुना दिसत होता.

मला वाटलं, आता होईल सुरू. सुपातून मान वर न करता त्या काय म्हणतील ते ऐकायची मी मनाशी तयारी केली.

सावळीकाकूनं मोराकडे हात केला. "सुंदरे, मधली कुठं गेली गो? परवा तं होती."

सासूबाईंनी एक खडा वेचून अंगणात टाकला.

"मधली व्हय? ती कामाला जाते."